सामायिक जागा आणि रयतेचा निस्तार हक्क
(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात)



तलावाची पाळ, गुरांची पांदण, गावालगतचे रान, स्मशानाची वाट, बाजाराचे पटांगण या जागांची मालकी कोणाची, असा प्रश्न खेड्यातील सामान्य माणसाला सहसा पडत नाही. त्या जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात असतात आणि वापर हीच त्यांची ओळख असते. कोणी तेथे कुंपण घातले, चर खणला किंवा फाटकाला कुलूप लावले म्हणजे मात्र हा प्रश्न उभा राहतो. मग गायकी गुरे घेऊन थांबतो, पाण्याला निघालेल्या बाया परत फिरतात आणि गाव पंचायतीच्या दारात येते. जागेचा मालक म्हणतो, "आजवर जाऊ दिले, ती मेहेरबानी होती." गाव म्हणते, "आमचा वाडवडिलांपासूनचा हक्क आहे."

मेहेरबानी आणि हक्क या दोन शब्दांतील अंतर हा या भाषणाचा विषय होय. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यांना हे अंतर चांगले परिचयाचे आहे. येथे जमिनीचा धनी एकदा नव्हे, अनेकदा बदलला. गोंड राजे गेले, नागपूरकर भोसले आले. १८५४ साली इंग्रजी अंमल आला, त्याबरोबर मालगुजार मालक झाले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि शासन मालक झाले. या सर्व स्थित्यंतरांत सामान्य रयतेची गरज मात्र तीच राहिली. चुलीला सरपण, नांगराला व बंडीला लाकूड, घराला बांबू, गुरांना चारा आणि धानाला पाणी, एवढी ती गरज. या गरजा भागविण्यालाच इकडच्या बोलीत व महसुली भाषेत ‘निस्तार’ असे नाव आहे.

मालगुजारीची घडण

भोसल्यांच्या काळात मालगुजार हा मुख्यतः सारा गोळा करून सरकारात भरणारा गावचा जबाबदार माणूस होता. इंग्रजांनी १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना केली आणि त्या दशकात जी जमाबंदी केली, तिने या वसुलीदाराला गावाच्या मालकीचा हक्क बहाल केला. चांदा जिल्ह्याच्या या जमाबंदीचा अहवाल मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने १८६९ साली सादर केला. आता सीर आणि खुदकास्त जमिनीबरोबर गावातील पडीत, रान, तलाव, आबादी आणि बाजाराची जागाही मालगुजाराच्या नावे मोडू लागली. पूर्वेकडच्या घनदाट अरण्यात अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या होत्या; तेथे तर एकेका जमीनदाराच्या अमलाखाली अनेक गावे व त्यांची राने येत.

अशा रीतीने ज्या जागा सर्वांच्या वापरात होत्या, त्या कागदोपत्री एका व्यक्तीच्या झाल्या. मालगुजारांपैकी काहींनी तलाव बांधले, राखले, दुष्काळात गावाला आधार दिला. या भागातील माजी मालगुजारी तलाव आजही हजारो एकर धान भिजवितात, हे त्यांच्या काळाचे व त्यांच्या गावातील कष्टकऱ्यांचे मोठेच देणे आहे. परंतु व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या चांगुलपणाने भरून निघत नाही. मालगुजाराची मर्जी असेतो रानाची वाट मोकळी असे. मर्जी फिरली की तीच वाट बंद होई. मोळीच्या बदल्यात वेठ, चराईच्या बदल्यात भेट, घराच्या बांबूच्या बदल्यात शेतावर फुकट राबणूक असे व्यवहार त्यातून रूढ झाले. सामायिक जागेवरील ताबा हे रयतेला वाकविण्याचे सर्वांत सोपे साधन होते, कारण त्यासाठी शेतातून हुसकावून लावण्याची गरज नसे. कुळकायद्याने रयतेची शेतजमीन पुष्कळशी सुरक्षित केली होती. पण सरपण, चारा आणि पाणी यांवाचून ती शेतजमीन कसता येत नव्हती.

सवलत आणि हक्क

इंग्रजी राजवटीला या गोष्टीची अगदीच जाणीव नव्हती असे नाही. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावचा ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार करण्यात येई. हा गावातील रूढींचा लेख होय. रयतेने रानातून काय घ्यावे, गुरे कोठे चारावी, तलावाचे पाणी कोणाला कोणत्या क्रमाने मिळावे, अशा बाबी त्यात नमूद होत. कायद्याच्या दृष्टीने याचे मोल मोठे होते. रूढी एकदा लेखात आली म्हणजे मालकाच्या मनावर ती अवलंबून राहत नाही.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ साली झाला, तो आरंभापासून मध्यप्रांतालाही लागू होता. त्या कायद्याने हाच भेद स्पष्ट केला. मालकाने दिलेली साधी परवानगी तो बहुधा केव्हाही काढून घेऊ शकतो. परंतु वीस वर्षे उघडपणे, अखंडपणे व हक्क म्हणून वापरलेली वाट किंवा पाण्याचा प्रवाह हा सुविधाधिकार ठरतो, आणि स्थानिक रूढीनेही असा अधिकार प्राप्त होऊ शकतो. ज्याने दरवर्षी मालकाकडे हात जोडून वाट मागितली, त्याची बाजू न्यायालयात लंगडी पडते. ज्याने आपली वहिवाट हक्क म्हणून चालविली आणि वेळच्या वेळी तिची नोंद करून घेतली, त्याची बाजू बळकट होते.

व्यवहारात मात्र वाजिब-उल-अर्जाचा उपयोग मर्यादित राहिला. कागद महसूल कचेरीत, तो वाचता येणारे गावात थोडे, आणि गावचा लंबरदार बहुधा मालगुजार स्वतःच! तक्रार ज्याच्याविरुद्ध करावयाची, त्याच्याच दारावरून कचेरीची वाट जात होती. हक्क लिहिलेला होता, पण ज्याचा हक्क त्याला तो ठाऊक नव्हता. हा धडा आजही विसरण्याजोगा नाही.

१९५१ चे स्थित्यंतर

स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्यप्रदेश राज्याने मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली. चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या कायद्याने रान, झाडे, मत्स्यक्षेत्रे, तलाव, पाण्याचे प्रवाह, पायवाटा, गावठाण, हाट व बाजार हे सारे शासनाकडे आले. माजी मालकाची सीर व खुदकास्त जमीन, त्याची घरे व आमराया त्याच्याकडे राहिल्या. ज्या खाजगी तलावात दुसऱ्या कोणाचा सिंचनाचा हक्क नव्हता, तेवढेच मालकाकडे ठेवण्यात आले. गावाचा हक्क असलेला तलाव शासनाकडे गेला, आणि अशा रीतीने रयतेची वहिवाट हीच तलावाचे भवितव्य ठरविणारी कसोटी ठरली.

निर्मूलनाची चाहूल लागताच काही मालकांनी रानातील लाकूड, तेंदूपत्ता आदी माल अनेक वर्षांच्या कराराने ठेकेदारांना विकून टाकला होता. त्या करारांचे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५९ साली ‘महादेव विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, असे करार म्हणजे मालकी हक्काचाच भाग होत आणि ते मालकीबरोबरच शासनाकडे निहित झाले. जाता जाता रान विकून मोकळे होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

तथापि मालक बदलल्याने सर्व प्रश्न सुटले असे नाही. माजी मालगुजारी राने वनखात्याच्या व्यवस्थापनाखाली आली. पुढे त्यांतील पुष्कळशी संरक्षित किंवा राखीव झाली. रानाचे रक्षण ही राष्ट्रीय गरज होती. पण काल ज्या मोळीसाठी मालगुजाराच्या वाड्यावर जावे लागे, त्याच मोळीसाठी आज परवान्याची चौकशी होऊ लागली. बांबूची मोठी क्षेत्रे कागदाच्या कारखानदारीसाठी देण्यात आली, तेव्हा त्याच रानात राहणाऱ्या गोंड-माडियांना व बुरूड कारागिरांना आपला निस्तार कोठे उरला, हे विचारावे लागले.

निस्तार पत्रक : विदर्भाची खास तरतूद

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये आहे. त्यातील कलम १६१ ते १६७ ही विदर्भासाठी आहेत, परंतु अनेक पंचायत सदस्यांनी ती वाचलेली नसतात.

कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावातील भोगवट्यात नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना, म्हणजे निस्तार पत्रक, तयार करावयाचे असते. त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करून, रहिवाशांची इच्छा जाणून घेऊन मगच ते कायम होते. गुरांची चराई, सरपण, इमारती लाकूड, मुरूम, वाळू, माती, दगड इत्यादी कोणत्या अटींवर मिळावे, हे त्यात लिहिले जाते. शेतीच्या गुरांना मोफत चराई, घरगुती उपयोगाच्या वस्तू मोफत नेण्याची मुभा आणि गावातील कारागिरांना त्यांच्या धंद्यापुरत्या सवलती यांची शक्य तोवर तरतूद व्हावी, असे कायदाच सांगतो. गावाची पडीत अपुरी असल्यास शेजारच्या गावाच्या पडीतात हक्क देण्याचीही सोय आहे. पत्रकातील नोंद बदलावयाची झाल्यास ग्रामपंचायतीच्या विनंतीवरून, आणि पंचायत नसेल तेथे एक-चतुर्थांश प्रौढ रहिवाशांच्या अर्जावरून, जिल्हाधिकारी चौकशी करून ती बदलू शकतात.

शासनाच्या ताब्यात नसलेल्या, म्हणजेच खाजगी मालकाच्या, जमिनीसाठी कलम १६५ आहे. जुना वाजिब-उल-अर्ज येथे नव्या रूपात टिकून आहे. अशा जमिनीतील किंवा पाण्यातील सिंचनाचा हक्क, जाण्यायेण्याची वाट, अन्य सुविधाधिकार आणि मासेमारीचा हक्क यांबाबतची गावची रूढी जिल्हाधिकाऱ्याने लेखी नोंदवावयाची असते. नोंदीने कोणाला अन्याय झाला असे वाटल्यास, ती प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. निस्तार पत्रकाचा किंवा वाजिब-उल-अर्जाचा भंग करणारास दंड होऊ शकतो. जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने तारांचे कुंपण घातले, तर गावाने प्रथम हाच कागद शोधावा. मालक नवा असला तरी जमिनीवरची रूढी जुनीच असते.

वाट किंवा पाण्याचा प्रवाह प्रत्यक्ष अडविला गेला असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पुष्कळ गावे ही मुदत समेटाच्या बोलण्यांत घालवितात. समेट अवश्य करावा, पण मुदतीवर नजर ठेवून करावा.

झुडपी जंगलाचा प्रश्न

मालगुजारी संपल्यानंतर जी खुरटी, झाडोऱ्याची पडीत शासनाकडे आली, ती महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. गुरांची चराई व गावाचा निस्तार हाच तिचा मुख्य उपयोग होता. पुढे कोठे शाळा, कोठे दवाखाना, कोठे वसाहत याच जागेवर उभी राहिली. पूर्व विदर्भातील अशा सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निर्णय दिला, की ती वनजमीनच समजली जावी. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने केलेली वाटपे केंद्र शासनाच्या मान्यतेने नियमित करण्याचा मार्ग त्यात ठेवला आहे. चंद्रपूर व गडचिरोलीतील पंचायतींनी आपल्या हद्दीतील झुडपी जंगलाचे भूमापन क्रमांक, त्यावरील जुन्या निस्ताराच्या नोंदी आणि सध्याचा वापर यांचा मेळ घालून ठेवणे म्हणूनच निकडीचे झाले आहे. जमिनीचे वर्गीकरण ठरत असताना जे गाव गप्प बसेल, त्याच्या गुरांची वाट पुढे कोण दाखविणार?

वनहक्क कायदा व गावांचे प्रयोग

२००६ च्या वनहक्क कायद्याने या सर्व इतिहासाची दखल एका वाक्यात घेतली आहे. कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार किंवा अन्य कोणत्याही नावाने ओळखले जाणारे सामूहिक हक्क मान्य केले असून, पूर्वीची संस्थाने, जमीनदारी व तत्सम मध्यस्थ राजवटींत जे हक्क वापरात होते, त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मालगुजाराच्या काळी जे मागून मिळत होते, ते आता संसदेच्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झाले आहे. गौण वनोपजाची मालकी, मासे व चराई यांचे हक्क आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही त्यात आहेत. बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आहे, ही गोष्ट या जिल्ह्यांसाठी विशेष महत्त्वाची होय.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने या बाबतीत देशाला वाट दाखविली. ऐंशीच्या दशकापासून या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटात विषय समजून घेण्याची शिस्त लावून घेतली. श्री. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांचे सहकार्य या प्रयत्नांना लाभले. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यावा यावरून अडचण उभी राहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री श्री. जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. हक्काचा कागद मिळाला तरी वाट आपोआप मोकळी होत नाही. ती वापरून मोकळी करावी लागते, हे मेंढ्याने दाखवून दिले.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. या गावाने बांबूचे उत्पन्न स्वतःच्या व्यवस्थेखाली घेतले आणि तेंदूपत्त्याची तोड थांबविली. कारण त्यासाठी होणारी छाटणी व लावले जाणारे वणवे रानाला मारक ठरतात, असे ग्रामसभेला पटले. हातचे उत्पन्न सोडून रान राखणे सोपे नव्हे. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत.

नगरातील भाडेकरू

सामायिक जागेचा प्रश्न रानापुरता नाही. नोकरीच्या गावी खोली घेऊन राहणारे शिक्षक, ग्रामसेवक व परिचारिका यांनाही तो भेडसावतो. घरमालक कधी नळाचे पाणी तोडतो, कधी जिन्यातील दिवा काढतो, कधी शौचकूपाला कुलूप लावतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो ज्या क्षेत्रांना लागू आहे तेथे कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणावाचून भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता किंवा रोखून धरता येत नाही. पाणी, वीज, बोळातील व जिन्यातील दिवे, उद्‌वाहन आणि स्वच्छतेची व्यवस्था यांचा त्यात उल्लेख आहे. भाडेकरूच्या अर्जावरून न्यायालय ती सेवा ठरावीक मुदतीत पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. भाडे खोलीचे घेतले म्हणून जिना मालकाच्या मर्जीचा होत नाही; कारण जिन्यावाचून खोली नाही. रानावाचून शेत नाही, हे रयतेचे म्हणणे याच जातीचे होते.

पंचायतींचे कर्तव्य

यातून अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यावर काही कामे येतात. प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मिळवून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवाव्यात. पांदणी, तलाव, स्मशानभूमी, देवराई आणि चराईची राने यांचा साधा नकाशा करावा. त्यासाठी शाळेतील वरच्या वर्गांची मदत घेता येईल. वनहक्काच्या दाव्यांत वृद्धांची साक्ष लेखी घेतली तर ती पुरावा म्हणून ग्राह्य असते. तेव्हा जाणत्या माणसांच्या आठवणी ते हयात असतानाच लिहून घ्याव्यात. महसूल व वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी अशा कामी आडकाठी न करता दप्तर उघडून दाखवावे.

एक गोष्ट मात्र गावाने स्वतःला विचारली पाहिजे. रानाचा व तलावाचा कारभार हाती आल्यावर गावच नवा मालगुजार होणार नाही ना? तलावाच्या पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क आहे, तसा माशांवर जगणाऱ्या धीवराचाही आहे. रानावर पाटलाच्या गुरांचा हक्क आहे, तसा भूमिहीनाच्या शेळीचा, बुरूडाच्या बांबूचा आणि मोहफुले वेचणाऱ्या विधवेचाही आहे. शेजारच्या गावाची गुरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने पाण्यावर येत असतील, ती वाटही हद्दीच्या नावाखाली बंद होऊ नये. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मी उपस्थिती आणि तीत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे नियम सांगतो. सरपण आणि पाणी आणणाऱ्यांनीच सरपण आणि पाण्याचा निर्णय घ्यावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

मालगुजारी कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी संपली. ती गावाच्या वागणुकीतूनही संपली की नाही, याची परीक्षा प्रत्येक तलावाच्या पाळीवर आणि प्रत्येक पांदणीच्या तोंडाशी होत असते. ज्या गावात दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाला तेथून जाताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही, त्या गावाने ती परीक्षा उत्तीर्ण केली असे समजावे.